समुद्राच्या पाण्यात कोण कोणाला खाते: सूक्ष्म शिकारी आणि त्यांचे भक्ष्य मोजण्याची रीत

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात ढोबळमानाने १० लाख जीवाणू, १ कोटी विषाणू आणि हजाराच्या घरात शेपटीसारख्या कशाभिकांनी पोहणारे एकपेशीय जीव असतात. हे आकडे आता बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतात, परंतु त्यांच्यामागची खरी नवलाची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. उष्ण कटिबंधातील किनाऱ्याजवळचे अनेक जीवाणू आणि डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशीय शैवाले) एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात, म्हणजे पंधरवड्यात त्यांनी पाण्याचा चिखल करून टाकायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र आज मोजलेला आकडा उद्याही बहुतेक तसाच मिळतो. याचा अर्थ जेवढे जन्माला येतात, जवळजवळ तेवढेच त्याच दिवशी खाल्ले जातात किंवा विषाणूंमुळे फुटून मरतात. पाण्यातील प्रजातींची यादी कितीही लांबलचक केली, तरी ही उलाढाल त्या यादीत दिसत नाही. ती स्वतंत्रपणे मोजावी लागते.

ती मोजण्याची ‘विरलन प्रयोग’ ही पद्धत, म्हणजे पाणी पातळ करून मोजण्याची रीत, किनाऱ्यावरील कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाला परवडण्याजोगी आहे. मायकेल लँड्री आणि आर. पी. हॅसेट यांनी १९८२ मध्ये ती मांडली आणि आजही जगभर तीच वापरली जाते. पदव्युत्तर विद्यार्थी, प्राध्यापक आणि आपल्या खाडीविषयी खरे कुतूहल असणारे हौशी अभ्यासक यांना डोळ्यांसमोर ठेवून ती पद्धत, तिच्याआधीची निरीक्षणे आणि तिच्यात हमखास होणाऱ्या चुका येथे क्रमाने सांगतो.

आधी शिकारी ओळखावेत

१९७० च्या दशकापर्यंत समुद्रातील अन्नसाखळी सरळ सांगितली जात असे: डायटम, त्यांना खाणारे कोपेपॉड (कोळंबीच्या गोतातले बारीक प्राणी), त्यांना खाणारे मासे. लॉरेन्स पोमेरॉय यांनी १९७४ मध्ये या चित्राला आव्हान दिले आणि फारूक आझम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सूक्ष्मजीवांच्या फेऱ्याची कल्पना स्पष्टपणे मांडली. प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून, पाण्यात विरघळणारे सेंद्रिय पदार्थ जीवाणू शोषतात, जीवाणूंना सूक्ष्म कशाभिकाधारी खातात, त्यांना सिलिएट (अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारे एकपेशीय जीव) खातात आणि मग कुठे तो घास कोपेपॉडच्या तोंडी लागतो. जगभरच्या मोजण्यांची सरासरी काढली, तर वनस्पतीप्लवकांच्या रोजच्या उत्पादनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग याच एकपेशीय चरणाऱ्यांच्या पोटात जातो.

या शिकाऱ्यांच्या खाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि त्या समजल्याशिवाय मोजणीला अर्थ येत नाही. सिलिएट तोंडाभोवतीच्या केसाळ कड्याने प्रवाह निर्माण करून घास ओढतात आणि साधारणपणे आपल्या लांबीच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढे भक्ष्य निवडतात. कशाभिकाधारींचे भक्ष्य त्यांच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असते. डायनोफ्लॅजेलेट (दोन कशाभिकांचे एकपेशीय जीव) मात्र स्वतःएवढ्याच आकाराची पेशी खाऊ शकतात. त्यांपैकी प्रोटोपेरिडिनियम आपल्या कवचातून पातळ पडदा बाहेर काढते, डायटमची अख्खी साखळी त्यात गुंडाळते आणि शरीराबाहेरच पचवते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य मिळाले, तर त्या दिवशी दुसरे काही नाही पाहिले तरी चालेल असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

चोरी करणारेही आहेत. मेसोडिनियम रुब्रम हा सिलिएट क्रिप्टोफाइट शैवालांना खातो, पण त्यांची हरितलवके पचवत नाही. ती स्वतःत ठेवून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो. डायनोफायसिस हा डायनोफ्लॅजेलेट पुढे मेसोडिनियमला नळीसारख्या अवयवाने शोषतो आणि तीच हरितलवके दुसऱ्यांदा चोरतो. डायनोफायसिसची पैदास प्रयोगशाळेत कित्येक वर्षे जमत नव्हती, कारण त्याला द्यायचे भक्ष्यच कोणाला ठाऊक नव्हते. २००६ मध्ये मेसोडिनियम खाऊ घालून ती साधली. ‘वनस्पती’ आणि ‘प्राणी’ असे दोन रकाने आखून मोजणीचा तक्ता करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे आणि ‘दोन्ही’ असा तिसरा रकाना आधीच आखून घ्यावा.

पाणी कधी आणि कोठून घ्यावे

पहिल्या प्रयत्नासाठी खाडीचे मुख टाळावे. तेथे गाळ जास्त, क्षारता दर तासाला बदलती आणि गाळणी भराभर तुंबणारी असते. जेट्टीच्या टोकावरून किंवा होडीतून किनाऱ्यापासून थोडे आत जाऊन घेतलेले पाणी बरे. उधाणाच्या दिवसांत तळाचा गाळ ढवळून वर येतो, म्हणून अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती निवडावी आणि पूर्ण भरतीच्या सुमारास नमुना घ्यावा. कोकणातील जुना हिशोब येथे उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. पहाटेची भरती साधली तर पाणी थंड असते आणि प्रयोग पूर्ण दिवस-रात्रीच्या चक्रात बसतो. पावसाळ्यात जाऊ नये. समुद्र धोक्याचा असतो आणि नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे आकडेही समजून घेणे अवघड जाते. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम.

साधारण २० लिटरचा एक कॅन भरून घ्यावा. कॅन, नळ्या आणि बाटल्या साबणाने किंवा धुण्याच्या पावडरीने कधीही धुऊ नयेत, कारण त्यांचा लवमात्र अंशही सिलिएटना मारतो. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने आणि शेवटी त्याच ठिकाणच्या समुद्राच्या पाण्याने तीनदा विसळणे पुरेसे आहे. पाण्याचे तापमान जागेवरच नोंदवावे, कॅन ओल्या पोत्याने झाकावा आणि तासा-दोन तासांत कामाला लागावे.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची सूचना हीच: पाणी ओतू नये. कवच नसलेले सिलिएट इतके नाजूक असतात की वरून पडणाऱ्या धारेने, बुडबुड्यांनी आणि जोराच्या हलवण्याने ते फुटतात. कॅनमधून बाटलीत पाणी नेण्यासाठी सायफनची नळी वापरावी आणि नळीचे तोंड बाटलीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली ठेवावे. एका वर्षी आमच्या गटाने घाईत सगळ्या बाटल्या नरसाळ्याने भरल्या आणि दुसऱ्या दिवशी चराईचा, म्हणजे शिकाऱ्यांनी खाण्याचा, दर जवळजवळ शून्य आला. डायटम जोमात होते आणि त्यांना खाणारे आम्हीच मारून टाकले होते. तो आकडा वहीत आजही तसाच आहे, कारणासह.

जिवंत पाणी पाहणे

मोजणीच्या आधी अर्धा तास जिवंत नमुना पाहण्यासाठी राखून ठेवावा. जाळीतून घेतलेला नमुना याला चालत नाही, कारण नेहमीच्या २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्लवक-जाळीतून लहान कशाभिकाधारी आणि बरेचसे लहान सिलिएट निसटून जातात आणि उरलेले घासले जाऊन मरतात. एक लिटर पाणी थंड जागी तासभर स्थिर ठेवावे, तळाचे थोडे पाणी पिपेटने हलकेच उचलावे आणि खळगा असलेल्या काचपट्टीवर घ्यावे. सूक्ष्मदर्शकाचा दिवा जुन्या पद्धतीचा असेल तर त्याच्या उष्णतेने दहा मिनिटांत सगळे संपते. एलईडी दिवा वापरावा.

ओळख आकारापेक्षा चालीवरून लवकर पटते. डायनोफ्लॅजेलेट स्वतःभोवती गिरक्या घेत, डुलत पुढे जातात. स्ट्रॉम्बिडियमसारखे सिलिएट सरळ धावतात आणि मध्येच दिशा बदलतात. मेसोडिनियम काही सेकंद अगदी निश्चल उभे राहते आणि मग इतक्या झटक्याने उडी मारते की ते नजरेआड कोठे गेले हे शोधावे लागते. टिन्टिनिड हे सिलिएट काचेच्या फुलदाणीसारख्या कवचात राहतात आणि धक्का लागला की आत दडतात. त्यांच्या कवचाच्या तोंडाची रुंदी मोजून ठेवावी, कारण त्यांचे भक्ष्य बहुधा त्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा मोठे नसते. भ्रमणध्वनीचा कॅमेरा नेत्रभिंगाला लावून छोटी चित्रफीत घेतली, तर नंतर वाद मिटवायला सोपे जाते.

टिकवणे आणि मोजणे

जिवंत निरीक्षणानंतर उरलेला नमुना आम्लयुक्त लुगॉलच्या द्रावणात टिकवावा. २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवून मग १० ग्रॅम आयोडीन घालावे आणि शेवटी २० मिलिलिटर हिमानी अॅसेटिक आम्ल मिसळावे. हे काम हातमोजे आणि चष्मा घालून, हवेशीर जागी करावे. डायटमसाठी नमुन्याचा रंग कोऱ्या चहासारखा होईल एवढे, म्हणजे एक ते दोन टक्के, द्रावण पुरते. सिलिएटची नीट मोजणी हवी असेल, तर वेगळी बाटली घेऊन प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत वाढवावे. फॉर्मेलिन वापरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण त्यात कवच नसलेले सिलिएट विरघळून नाहीसे होतात आणि ‘येथे शिकारी फार कमी आहेत’ असा खोटा निष्कर्ष निघतो. आम्लयुक्त द्रावणाचाही एक दोष आहे, त्याने कॉकोलिथोफोर शैवालांच्या चुन्याच्या चकत्या विरघळतात. नमुने गडद काचेच्या बाटल्यांत, अंधारात ठेवावेत. प्लास्टिक आयोडीन शोषून घेते आणि काही आठवड्यांत रंग उडतो.

मोजण्यासाठी उटरमोल यांची गाळ बसवण्याची पद्धत प्रमाण मानली जाते, पण तिला उलटा सूक्ष्मदर्शक लागतो. तो नसेल तर १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात नमुना ४८ तास अंधारात स्थिर ठेवावा, वरचे ९० मिलिलिटर बारीक नळीने हळूहळू काढून टाकावे आणि तळाचे १० मिलिलिटर हलकेच एकजीव करून त्यातील एक मिलिलिटर सेजविक-राफ्टर कोष्ठात मोजावे. या कोष्ठात हजार चौकोन असतात, त्यामुळे सगळे मोजण्याची गरज नसते. यादृच्छिक चौकोन निवडून एकूण ४०० पेशी होईपर्यंत मोजत जावे. ४०० हा आकडा उगाच घेतलेला नाही. तेवढ्या पेशी मोजल्या की केवळ योगायोगाने येणारी चूक साधारण दहा टक्क्यांच्या आत राहते, ४० मोजल्या तर ती तीस टक्क्यांवर जाते आणि मग कोणत्याही दोन बाटल्यांमधला फरक खरा की खोटा हे सांगता येत नाही.

जैवविविधतेची नोंदही याच वेळी होते. प्रजातीपर्यंत पोहोचता आले नाही तरी बिघडत नाही; ‘लांब काट्यांचा कीटोसेरॉस’, ‘चकतीसारखा मोठा कॉसिनोडिस्कस’, ‘स्केलेटोनेमाची साखळी’, ‘२० मायक्रॉनचा शंक्वाकृती सिलिएट’ अशी चित्रासह नावे द्यावीत आणि ती हंगामभर बदलू नयेत. किती प्रकार सापडले हे नेहमी किती पेशी मोजल्या यावर अवलंबून असते, म्हणून दोन महिन्यांची तुलना करताना सारख्याच संख्येच्या पेशी मोजलेल्या असाव्यात.

जीवाणूंबद्दल एक इशारा. आगर घातलेल्या बशीवर वाढणाऱ्या वसाहती मोजून समुद्रातील जीवाणूंची संख्या सांगू नये, कारण बशीवर त्यांपैकी एक टक्काही उगवत नाहीत. हॉबी आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये काळ्या गाळणीवर, रंगद्रव्य लावून आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू मोजण्याची रीत प्रस्थापित केली, तेव्हा कोठे खरे आकडे हाती आले. जवळच्या विद्यापीठात असा सूक्ष्मदर्शक मिळत असेल, तर एक सोपा आणि फार बोलका प्रयोग करता येतो: एका बाटलीत आहे तसे पाणी, दुसरीत १ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेले पाणी, दोन्ही अंधारात २४ तास. दुसरीत कशाभिकाधारी जवळजवळ उरत नाहीत आणि जीवाणूंची संख्या वाढलेली दिसते.

विरलन प्रयोग

मुख्य कामाचे तत्त्व अगदी साधे आहे. पाण्यात गाळलेले पाणी मिसळून ते पातळ केले, तर शिकारी आणि भक्ष्य यांची गाठ कमी पडते, पण प्रत्येक भक्ष्यपेशीची विभागून वाढण्याची क्षमता तशीच राहते. जितके पाणी पातळ, तितकी चराई कमी आणि भक्ष्याची दिसणारी वाढ जास्त. वेगवेगळ्या विरलनांत ही दिसणारी वाढ मोजून तिची रेषा काढली की वाढ आणि चराई एकमेकींपासून वेगळ्या करता येतात.

एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. पॉलिकार्बोनेटच्या उत्तम, नसल्यास नव्या आणि आम्लाने धुतलेल्या साध्या बाटल्याही शिकण्यापुरत्या चालतात. मूळ पाण्याचे प्रमाण २०, ४०, ६०, ८० आणि १०० टक्के असे पाच टप्पे, प्रत्येकाच्या दोन बाटल्या. यासाठी ४ लिटर गाळलेले आणि ६ लिटर मूळ पाणी लागते, शिवाय पोषणद्रव्ये न घातलेल्या पूर्ण पाण्याच्या दोन बाटल्या आणि सुरुवातीच्या मोजणीचे पाणी. २० लिटरमध्ये हे सगळे सुखाने बसते.

गाळण्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तेथून सुरुवात करावी. किनाऱ्याचे पाणी सरळ ०.२ मायक्रॉनच्या गाळणीवर घातले तर ती लवकरच तुंबते. आधी काचतंतूच्या गाळणीतून आणि मग ०.२ मधून काढावे. निर्वात पंपाचा दाब अगदी कमी ठेवावा. दाब वाढवला की पेशी फुटतात, त्यांच्यातील अमोनियम गाळलेल्या पाण्यात उतरते आणि पातळ बाटल्यांना नकळत खत मिळते.

कोपेपॉड वगळण्यासाठी मूळ पाणी २०० मायक्रॉनच्या जाळीतून, सायफननेच घेण्याची प्रथा आहे, कारण एखादा कोपेपॉड बाटलीत राहिला तर तो सिलिएट खाऊन टाकतो आणि हिशोब उलटतो. मात्र नॉक्टिल्युकाच्या (पुढे येणाऱ्या मोठ्या डायनोफ्लॅजेलेटच्या) हंगामात ही जाळी त्या मोठ्या शिकाऱ्यालाही बाहेर ठेवते. तेव्हा कोणाची चराई आपण मोजत आहोत, हे तक्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवावे.

पातळ आणि दाट अशा सगळ्या बाटल्यांत वाढ पोषणद्रव्यांवाचून अडू नये म्हणून नायट्रेट, फॉस्फेट आणि डायटमसाठी सिलिकेट घालतात. रेडफिल्ड यांच्या गुणोत्तराप्रमाणे नायट्रोजन आणि फॉस्फरस १६ ला १ असावेत. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.६८ ग्रॅम सोडियम नायट्रेट, दुसऱ्या लिटरमध्ये ०.०६८ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि तिसऱ्या, प्लास्टिकच्या बाटलीत २.२७ ग्रॅम सोडियम मेटासिलिकेट नोनाहायड्रेट असे साठे करावेत. प्रत्येकातून एक मिलिलिटर दर लिटर नमुन्यात घातले की नायट्रेट आणि सिलिकेट ८ मायक्रोमोल आणि फॉस्फेट ०.५ मायक्रोमोल होते.

बाटल्या काठोकाठ भराव्यात, हवेचा बुडबुडा ठेवू नये. त्या जेट्टीखाली अर्धा-एक मीटर खोलीवर टांगणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर समुद्राच्या पाण्याने भरलेल्या टपात, मच्छरदाणीच्या पांढऱ्या कापडाचा एक-दोन पदरी आडोसा करून ठेवाव्यात आणि दर दोन तासांनी पाणी बदलून तापमान नमुना घेतलेल्या वेळेइतके राखावे. गच्चीवरच्या टपातील पाणी भर दुपारी किती तापते याचा अंदाज आधी घ्यावा. अनेकांचा प्रयोग तेथेच संपतो. काळ बरोबर २४ तासांचा ठेवावा, कारण काही शिकारी रात्री जास्त खातात आणि डायटमची वाढ दिवसाच्या उजेडावर चालते.

हिशोब

प्रत्येक बाटलीतील अखेरच्या संख्येला सुरुवातीच्या संख्येने भागावे आणि त्या भागाकाराचा नैसर्गिक लॉग घ्यावा. काळ एक दिवसाचा असल्याने हाच दिसणारा वाढीचा दर. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. मूळ पाण्यात स्केलेटोनेमा या डायटमच्या २०० पेशी दर मिलिलिटर होत्या, म्हणून पाच टप्प्यांत सुरुवातीला ४०, ८०, १२०, १६० आणि २०० पेशी. चोवीस तासांनंतर मोजले तर ८७, १५५, २०६, २४४ आणि २७०. लॉग काढल्यावर दर मिळतात ०.७८, ०.६६, ०.५४, ०.४२ आणि ०.३०.

आता आलेखाच्या आडव्या अक्षावर मूळ पाण्याचा हिस्सा, म्हणजे ०.२ ते १.०, आणि उभ्या अक्षावर हे दर मांडावेत. रेषा उजवीकडे उतरते. ती डावीकडे वाढवून उभ्या अक्षाला जेथे मिळते तेथे ०.९ येते, शिकारी अजिबात नसते तर स्केलेटोनेमा या दराने वाढला असता. रेषेचा उतार ०.६ आहे, आणि हाच चराईचा दर. १ − e^(−०.६) हे मूल्य काढले (e म्हणजे नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७१८), तर २०० पेशींच्या साठ्यापैकी सुमारे ४५ टक्के दिवसभरात खाल्ल्या गेल्या असे निघते, आणि त्या दिवशी होऊ शकणाऱ्या उत्पादनाच्या तुलनेत चराईचा वाटा सुमारे ७६ टक्के. पाण्यात मात्र आपल्याला दिसले असते एवढेच की २०० च्या २७० झाल्या.

हरितद्रव्य मोजूनही हाच हिशोब करतात आणि ते लवकर होते, पण माझे मत पेशी मोजण्याच्या बाजूने आहे. हरितद्रव्याचा आकडा सगळ्या शैवालांची एकत्र बेरीज देतो. पेशी मोजल्या की स्केलेटोनेमासाठी एक रेषा, लांब काट्यांच्या कीटोसेरॉससाठी दुसरी आणि कॉसिनोडिस्कससाठी तिसरी काढता येते, आणि बहुधा असे दिसते की शेवटच्या रेषेला उतारच नाही, कारण तेवढा मोठा घास सिलिएटच्या तोंडात मावत नाही. एकाच बादलीतील पाण्यात कोणाला कोणापासून भीती आहे हे अशा तीन रेषांतून उघड होते.

रेषा सरळ आली नाही तर काय? भक्ष्य फार दाट असेल, तर शिकाऱ्यांचे पोट भरते आणि १०० टक्क्यांकडे रेषा सपाट होते. अशा वेळी फक्त पातळ बाटल्यांवरून उतार काढावा. रेषा उलटी, वर चढणारी आली, तर बहुधा पोषणद्रव्ये कमी पडलेली असतात, किंवा दोन्ही प्रकारे जगणारे जीव पाण्यात जास्त असतात, किंवा मोठ्या शिकाऱ्याने लहान शिकाऱ्यांना संपवलेले असते. असा निकाल फेकून देऊ नये. प्रत्येक बाटलीतील सिलिएटही सुरुवातीला आणि शेवटी मोजलेले असतील, तर कारण बरेचदा त्यातच सापडते.

विषाणूंचा हिस्सा या प्रयोगात येत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून बहुतेक विषाणू आरपार जातात, म्हणून पातळ केलेल्या बाटल्यांतही त्यांचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते आणि त्यांच्यामुळे होणारे मरण ‘वाढीच्या’ आकड्यात आधीच वजा झालेले असते. ते वेगळे काढण्यासाठी विषाणूसुद्धा अडवणारे अतिसूक्ष्म गाळण वापरून दुसरी मालिका करावी लागते. समुद्रात विषाणू इतके असतात हे बर्गेनच्या संशोधकांनी १९८९ मध्येच दाखवले, त्याआधी त्यांना नगण्य मानले जात होते. सागरी सूक्ष्मजीवांचे अभ्यासक थिंगस्टॅड यांची मांडणी अशी की जो जीवाणू स्पर्धेत जिंकून दाट होतो, त्यालाच त्याचे विषाणू सर्वांत सहज गाठतात, आणि त्यामुळे हरणाऱ्यांना जागा उरते. सारख्याच पाण्यात, सारख्याच अन्नावर इतक्या प्रजाती कशा टिकतात, हा परिसंस्थांचे अभ्यासक हचिन्सन यांनी १९६१ मध्ये विचारलेला प्रश्न अशा उत्तरांनी थोडा सुटतो. चरणाऱ्यांची निवडही त्याच दिशेने काम करते.

नॉक्टिल्युका: उघड्या डोळ्यांना दिसणारा शिकारी

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री लाटांबरोबर पाणी निळसर चमकते, तेव्हा बहुधा नॉक्टिल्युका सिंटिलान्स आलेला असतो. हा डायनोफ्लॅजेलेट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही मोठा, जवळजवळ गोल आणि पारदर्शक असतो. हातात घेतलेल्या पाण्यात साबुदाण्याच्या भिजलेल्या बारीक कणांसारखा दिसतो. त्याची लाल जात पूर्णपणे शिकारी आहे. हिरव्या जातीच्या पोटात मात्र सूक्ष्म हिरवी शैवाले जिवंत राहतात आणि तिला अन्न पुरवतात. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिचे विस्तीर्ण हिरवे थर दिसतात. एके काळी तेथे याच काळात डायटमचे राज्य असे.

त्याचे खाणे पाहण्यासाठी जाळी नको. रुंद तोंडाच्या भांड्याने पृष्ठभागावरचे पाणी उचलावे, रुंद टोकाच्या ड्रॉपरने वीस पेशी एकेक करून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात घ्याव्यात आणि लगेच कमी वर्धनाखाली पाहावे. पेशीच्या आत गोल कप्पे दिसतात, त्यांत डायटमची सबंध साखळी, टिन्टिनिडचे रिकामे कवच आणि कधी कोपेपॉडची अंडीही सापडतात. म्हणजे ज्या कोपेपॉडने मोठे होऊन सूक्ष्मजीव खायचे, त्यालाच हा एकपेशीय जीव अंड्यात गाठतो. प्रत्येक पेशीतील भरलेल्या कप्प्यांची संख्या आणि त्यांतील भक्ष्य लिहून घ्यावे. मग दर चार तासांनी पुन्हा पाहावे. अन्न न मिळाल्याने कप्पे किती वेळात रिकामे होतात हे कळले की पचनाचा वेग मिळतो, आणि समुद्रातून ताज्या आणलेल्या पेशींतील सरासरी घास त्याच्याशी ताडून एक पेशी दिवसाला अंदाजे किती खाते हे काढता येते. वीस पेशींऐवजी पन्नास घेता आल्या तर घ्याव्यात, कारण भरलेल्या आणि उपाशी पेशी एकाच लाटेत शेजारी शेजारी असतात.

निरीक्षण झाल्यावर उरलेले पाणी अंधाऱ्या खोलीत नेऊन भांडे हलकेच हलवावे. भरलेल्या पेशी आणि रिकाम्या पेशी यांच्या चमकण्यात फरक पडतो का, हे आमचे विद्यार्थी गेली दोन वर्षे वेगवेगळ्या भांड्यांत तपासत आहेत. यंदाच्या जानेवारीसाठी त्यांनी पन्नास काचेच्या कुप्या आम्लाने धुऊन वाळत घातल्या आहेत.